विश्लेषण : पिकअपला टर्बो हवा की साधे इंजिन? आधी आपला रस्ता आणि माल मोजा

पिकअप घ्यायला शोरूममध्ये गेलेल्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत ‘टर्बो’ हा शब्द ऐकायला मिळतो. तोच शब्द गॅरेजवर उच्चारला की जुने चालक मान हलवतात. टर्बो गेला की महिन्याची कमाई जाते, त्यापेक्षा साधे इंजिन बरे, असा त्यांचा सूर असतो. दोन्हीकडे थोडे तथ्य आहे आणि दोन्हीकडे अर्धीच गोष्ट सांगितली जाते.

लासलगावचा कांदा, नारायणगावचा टोमॅटो, वसईची भाजी किंवा गावातल्या दुकानाचे सिमेंट वाहणाऱ्यासाठी हा प्रश्न हौसेचा नाही. गाडी हप्त्यावर घेतलेली असते. इंजिनाची निवड चुकली तर डिझेल, क्लच प्लेट आणि वेळ या तिन्ही रूपांत तिची किंमत प्रत्येक खेपेला मोजावी लागते. म्हणून टर्बो चांगला की वाईट हा वाद बाजूला ठेवून, तो कुठे उपयोगी पडतो आणि कुठे नाही, हे समजून घ्यायला हवे.

इंजिनाला हवा किती लागते?

इंजिन डिझेलवर चालते असे आपण म्हणतो, पण वजनाने पाहिले तर ते डिझेलपेक्षा हवाच कितीतरी जास्त खाते. एक लिटर डिझेल पूर्ण जाळण्यासाठी सुमारे १२ किलो हवा लागते. घनफळात ती १० हजार लिटरच्या आसपास भरते, म्हणजे उन्हाळ्यात गावात येणाऱ्या पाण्याच्या एका टँकरइतकी. हवा कमी पडली तर जास्तीचे डिझेल नीट जळत नाही आणि काळा धूर होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडते. थोडक्यात, इंजिनाची ताकद डिझेलच्या टाकीवर ठरत नाही, सिलिंडरमध्ये एका वेळी किती हवा शिरते यावर ठरते.

साध्या इंजिनात, ज्याला ‘नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड’ म्हणतात, पिस्टन खाली जाताना आपल्या ओढीने हवा आत घेतो. बाहेरचा हवेचा दाब जेवढा, तेवढीच हवा मिळणार. ७०० सीसीचे इंजिन २,००० आरपीएमवर मिनिटाला फार तर ७०० लिटर हवा घेते, २,५०० सीसीचे इंजिन अडीच हजार लिटर. ताकद वाढवायची तर इंजिन मोठे करा किंवा ते जास्त वेगाने फिरवा, असे दोनच मार्ग त्याच्यासमोर असतात.

टर्बो नेमके काय करतो?

टर्बो तिसरा मार्ग देतो. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुरात बरीच ऊर्जा शिल्लक असते. तो धूर एका छोट्या चक्रावर सोडला जातो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला असलेले चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते. दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा विरळ होते, म्हणून ती आधी इंटरकूलरमधून थंड केली जाते. तेवढ्याच आकाराच्या सिलिंडरमध्ये आता जास्त हवा मावते, जास्त डिझेल नीट जळते आणि ओढ वाढते.

कल्पना नवी नाही. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूची यांनी १९०५ मध्ये या प्रकारच्या यंत्राचे पेटंट घेतले होते. मात्र हा दांडा मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतो आणि त्याच्या एका बाजूला शेकडो अंश तापलेला धूर असतो. त्याला आधार असतो तो इंजिन ऑइलच्या पातळ थराचा. टर्बोचे सगळे फायदे हवेतून येतात आणि बहुतेक सगळी दुखणी ऑइलमधून, हे लक्षात ठेवले तर पुढचे बरेचसे सोपे होते.

ब्रोशरमधला कोणता आकडा पाहायचा?

बहुतेक ग्राहक सीसी आणि अश्वशक्ती पाहतात. माल वाहणाऱ्याने त्याआधी टॉर्क पाहावा आणि त्याहीपेक्षा तो कोणत्या आरपीएमला मिळतो ते पाहावे.

एक उदाहरण घेऊ. मारुती सुझुकीच्या सुपर कॅरीचे १.२ लिटरचे साधे पेट्रोल इंजिन सुमारे ८० अश्वशक्ती देते. महिंद्राच्या बोलेरो पिकअपचे २,५२३ सीसीचे टर्बो डिझेल इंजिन देते ७५च्या आसपास. कागदावर सुपर कॅरी पुढे दिसते. पण सुपर कॅरीची ८० अश्वशक्ती ६,००० आरपीएमला मिळते आणि तिचा सर्वाधिक टॉर्क आहे १०४ न्यूटन मीटर, तोही २,९०० आरपीएमला. बोलेरो पिकअपचा टॉर्क २०० न्यूटन मीटर आहे आणि तो १,४०० ते २,२०० आरपीएमच्या पट्ट्यात मिळतो.

याचा अर्थ काय? १,४०० आरपीएमवर बोलेरो पिकअपचे इंजिन सुमारे ४० अश्वशक्ती देऊ शकते. सुपर कॅरीने तिथे आपला पूर्ण टॉर्क दिला असे धरले तरी हिशेब २० अश्वशक्तीच्या आसपास थांबतो. हा सगळा फरक टर्बोमुळे नाही. एक इंजिन दुपटीहून मोठे आहे आणि डिझेलचे आहे. दोन्ही गाड्या वेगळ्या वजनासाठी बनवलेल्या आहेत आणि आपापल्या कामात दोन्ही ठीक आहेत. मुद्दा एवढाच, की अश्वशक्तीचा एकटा आकडा पाहून माल वाहण्याची क्षमता कळत नाही.

‘टर्बो आहे’ एवढे उत्तरही पुरेसे नाही. टाटा इंट्रा व्ही-५० चे टर्बो डिझेल इंजिन फक्त १,४९६ सीसीचे आहे, तरी ते २२० न्यूटन मीटर टॉर्क देते. म्हणजे अडीच लिटरच्या बोलेरोपेक्षा थोडा जास्तच. पण तो १,७५० आरपीएमपासून मिळतो, बोलेरोचा १,४०० पासून. सपाट महामार्गावर हा साडेतीनशे फेऱ्यांचा फरक जाणवणारही नाही. कसारा किंवा कुंभार्ली घाटाच्या वळणावर, पूर्ण भरलेल्या गाडीत, तो चालकाच्या डाव्या पायाला कळतो.

घाट चढताना काय होते?

गाडी आणि माल मिळून तीन टन वजन आहे, चढ शंभर मीटरला सहा मीटरचा आहे आणि वेग ताशी ३० किलोमीटर आहे असे धरू. एवढ्या कामाला चाकांपाशी साधारण २४ अश्वशक्ती लागते. आकडा मोठा नाही. कागदावर ही ताकद सुपर कॅरीसारख्या छोट्या इंजिनातही आहे. अडचण ही की साध्या छोट्या इंजिनाला ती मिळवायला खालच्या गिअरमध्ये जोरात फिरावे लागते. टर्बो डिझेल तेच काम एक गिअर वर आणि कमी फेऱ्यांत करते. चालक ज्याला पुलिंग म्हणतात ते हेच.

टर्बोची उणी बाजूही घाटातच दिसते. वळणावर वेग पडला, आरपीएम हजाराच्या खाली गेले, की धुराचा जोर कमी होतो आणि टर्बोचे चक्र मंदावते. त्या क्षणी टर्बो इंजिन हे जवळजवळ साधे इंजिनच असते. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर ओढ यायला जरा वेळ लागतो. यालाच ‘टर्बो लॅग’ म्हणतात. अशा वेळी बरेच चालक अर्धा क्लच दाबून गाडी रेटतात. गाडी चढते, पण क्लच प्लेट जळते, आणि नंतर दोष टर्बोच्या नावावर जातो. वळण यायच्या आधीच एक गिअर खाली घेतला तर हा प्रसंग बहुतेक वेळा येतच नाही. जुन्या साध्या इंजिनाची ओढ कमी असली तरी पाय दाबला की लगेच मिळायची. त्या सवयीने टर्बो गाडी चालवली तर त्रास होणारच.

उंची आणि ऊन यांचाही हिशेब असतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटरवर आहे. तिथली हवा कोकणापेक्षा १२ ते १५ टक्के विरळ असते आणि साधे इंजिन साधारण तेवढीच ताकद गमावते. विदर्भात मे महिन्याच्या ४५ अंशांतली हवा २५ अंशांतल्या हवेपेक्षा सुमारे सहा टक्के विरळ असते. सपाट रस्त्यावर रिकाम्या गाडीत हे कळत नाही. पूर्ण माल भरलेल्या साध्या इंजिनात कळते. टर्बो हवा दाबून आत घेत असल्याने ही घट बऱ्याच अंशी भरून काढतो. साडेतीन हजार मीटरवरच्या लेहसारख्या ठिकाणी, जिथे हवा जवळपास ३० टक्के विरळ असते, हा फायदा सर्वांत ठळक होतो.

उतरताना टर्बो का कामाला येत नाही?

विक्रीच्या बोलण्यात न येणारा मुद्दा हा आहे. खंडाळ्याहून खोपोलीला येताना गाडी जवळपास ५०० मीटर खाली उतरते. तीन टनांची गाडी एवढी खाली येताना जी ऊर्जा सोडते, ती सुमारे ०.४ लिटर डिझेल जाळल्यावर निघणाऱ्या उष्णतेइतकी असते. ही उष्णता कुठेतरी जायलाच हवी. थोडी हवेच्या आणि टायरच्या विरोधात जाते, उरलेली ब्रेक आणि इंजिन यांनी वाटून घ्यायची असते.

गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजिन गाडीला मागे धरते. ही पकड मुख्यतः इंजिनाच्या सीसीवर आणि आरपीएमवर अवलंबून असते. धुराचा जोर नसल्याने टर्बो त्या वेळी जवळपास गप्प असतो. म्हणजे दीड लिटरचे टर्बो इंजिन चढताना अडीच लिटरइतके ओढू शकते, पण उतरताना ते दीड लिटरइतकेच धरते. जे ओझे छोट्या इंजिनाने सहज वर नेले, तेच खाली आणताना ब्रेकवर जास्त भार पडतो.

यात ओव्हरलोडची भर पडली की धोका वाढतो. साध्या इंजिनात जास्त माल भरला तर गाडी पहिल्या चढालाच दम टाकायची. एका अर्थाने ती चालकाला सावध करायची. टर्बोच्या ओढीमुळे ही सूचना मिळत नाही. गाडी टनभर जास्त माल घेऊनही चढते आणि चालकाला वाटते, जमले. ब्रेक, पाटे, अ‍ॅक्सल आणि टायर मात्र पासिंगच्याच वजनासाठी बनवलेले असतात. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात ओव्हरलोडसाठी २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार रुपये दंड आहे. घाटात ब्रेक तापून निकामी झाले तर होणारे नुकसान या दंडात मोजता येणार नाही.

उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवण्याची सवयही आता निरर्थक आहे. हल्लीची इलेक्ट्रॉनिक इंजिने गिअरमध्ये असताना पाय उचलला की डिझेल पूर्ण बंद करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते डिझेल जातेच. म्हणजे न्यूट्रल केल्याने बचत होत नाही आणि इंजिनाची पकडही हातची जाते.

छोट्या हत्तीलाही टर्बो का लागला?

साध्या इंजिनाने या देशात किती मोठे काम केले, याचे सर्वांत चांगले उदाहरण टाटा एस आहे. मे २००५ मध्ये आलेल्या या गाडीत ७०२ सीसीचे दोन सिलिंडरचे साधे डिझेल इंजिन होते. ताकद १६ अश्वशक्ती. टर्बो नाही, इंटरकूलर नाही, बिघडण्यासारखे फारसे काही नाही. गल्लीबोळात शिरणारी आणि गावातल्या मिस्त्रीला उमजणारी ही गाडी ‘छोटा हत्ती’ या नावाने घराघरात पोहोचली. तीनचाकी रिक्षाटेम्पोवर माल वाहणाऱ्या कितीतरी जणांची ती पहिली चारचाकी ठरली.

सप्टेंबर २०२५ मध्ये टाटाने आणलेल्या एस गोल्ड प्लस या डिझेल गाडीत मात्र टर्बो आहे. ताकद २२ अश्वशक्ती, टॉर्क ५५ न्यूटन मीटर. वीस वर्षांत छोट्या हत्तीलाही टर्बोची गरज पडली, यामागे ओढीइतकाच प्रदूषणाचा नियमही आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झाले. साध्या डिझेल इंजिनात हवा कमी पडली की धूर होतो आणि नव्या नियमांत धुराला जागा नाही. हवा मुबलक हवी तर टर्बो हा सोयीचा मार्ग आहे. एक टनाच्या वरच्या डिझेल पिकअपमध्ये तर आता टर्बोशिवाय पर्याय जवळपास उरलेलाच नाही. त्या वर्गात ‘टर्बो की साधे’ हा वाद संपला आहे.

खरी निवड उरली आहे ती त्याखालच्या वर्गात, जिथे एका बाजूला टर्बो डिझेल आणि दुसऱ्या बाजूला साधे पेट्रोल किंवा सीएनजी इंजिन आहे. इथेही आकडे बोलके आहेत. टाटाच्याच एस प्रो पेट्रोलचे ६९४ सीसीचे साधे इंजिन सुमारे ३० अश्वशक्ती आणि ५५ न्यूटन मीटर टॉर्क देते. टॉर्क डिझेल टर्बोइतकाच, अश्वशक्ती जास्त. शहरात दिवसभर थांबत-चालत पाव, दूध, कुरिअर किंवा पाण्याचे जार पोहोचवणाऱ्याला हे इंजिन पुरते. त्यात टर्बो नाही आणि डिझेलच्या धुरासाठी बसवावी लागणारी महागडी यंत्रणाही नाही.

सीएनजी घेणाऱ्याने मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गॅस स्वतःच सिलिंडरमध्ये जागा व्यापतो, त्यामुळे तेवढी हवा कमी शिरते. सुपर कॅरीचा टॉर्क पेट्रोलवर १०४ आहे, सीएनजीवर ९५. शिवाय टाक्यांचे वजन मालाच्या वजनातून वजा होते. शहरात इंधनाची बचत ही घट भरून काढते. रोज घाट चढणाऱ्याने हिशेब पुन्हा मांडावा.

टर्बो खरेच लवकर जातो का?

नीट सांभाळलेला टर्बो सहसा इंजिनाच्या बरोबरीने चालतो. तो आपोआप जात नाही, बहुतेक वेळा घालवला जातो. कारणे ठरलेली असतात. कंपनीने सांगितलेल्या दर्जाचे ऑइल न घालता स्वस्त ऑइल घालणे, ऑइल बदलायची मुदत ओलांडणे आणि एअर फिल्टर झटकून पुन्हा पुन्हा तोच बसवणे. वीटभट्टी, खडीक्रशर किंवा शेतातल्या धुळीत फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर वेळापत्रकाच्या आधीच बदलावा लागतो. फिल्टरमधून निसटलेला धुळीचा कण लाखभर फेऱ्यांनी फिरणाऱ्या चक्राला जे करतो, ते साध्या इंजिनात त्या प्रमाणात होत नाही.

दुसरे कारण सवयीचे आहे. घाट चढून आल्या आल्या ढाब्यावर चावी बंद केली तर ऑइलचा पुरवठा तत्काळ थांबतो. टर्बो तापलेला असतो आणि आत राहिलेले ऑइल जळून त्याची काजळी धरते. इंजिन एक-दोन मिनिटे रिकामे चालू ठेवले तर हे टळते. सकाळी थंड गाडी सुरू केल्याबरोबर जोरात रेस करणेही टाळावे.

टर्बो जाण्याआधी खुणा देतो. ओढ कमी होऊन काळा धूर वाढला तर आधी हवेचा पाइप कुठे फाटला किंवा सैल झाला आहे का ते पाहावे. हा खर्च किरकोळ असतो आणि पुष्कळदा आजार तिथेच असतो. निळसर धूर आणि ऑइल कमी होणे म्हणजे ऑइल जळते आहे. शिट्टीचा आवाज अचानक बदलला तर गाडी तपासून घ्यावी. पूर्ण फुटलेल्या टर्बोतून ऑइल इंजिनात ओढले गेले तर डिझेल इंजिन त्या ऑइलवरच बेफाम पळू शकते आणि चावी बंद केली तरी थांबत नाही. अशा वेळी ब्रेक दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडणे आणि इंजिन बंद पाडणे हाच उपाय असतो. असे क्वचित होते, पण चालकाला माहीत असायला हवे.

टर्बो बदलायचा खर्च पाच आकड्यांत जातो. साध्या इंजिनात हा खर्च मुळातच नाही, हे मान्य करायला हवे. जिथे जवळ जाणकार मिस्त्री नाही आणि गाडी दोन दिवस उभी राहिली तर बाजार चुकतो, तिथे साधेपणालाही किंमत असते.

अमेरिकेत व्ही-८ परत का आले?

हा वाद आपल्याकडचाच नाही. पिकअपच्या सर्वांत मोठ्या बाजारपेठांपैकी एक असलेल्या अमेरिकेत तो पेट्रोल इंजिनांवरून चालू आहे. फोर्डने २०११च्या एफ-१५० मध्ये ३.५ लिटरचे दोन टर्बोंचे व्ही-६ इंजिन दिले. त्याच गाडीतल्या ५ लिटरच्या साध्या व्ही-८ पेक्षा त्याचा टॉर्क जास्त होता. टोयोटाने २०२२च्या टुंड्रामध्ये ५.७ लिटरचे साधे व्ही-८ काढून दोन टर्बोंचे व्ही-६ बसवले. रॅमने २०२५च्या मॉडेलमध्ये प्रसिद्ध हेमी व्ही-८ ची जागा ३ लिटरच्या टर्बो इंजिनाला दिली. पण ग्राहक नाराज झाले आणि जून २०२५ मध्ये कंपनीने २०२६च्या मॉडेलसाठी हेमी परत आणण्याची घोषणा केली. परत आलेल्या हेमीची ताकद ३९५ अश्वशक्ती आहे, टर्बो इंजिनाची ४२०. कमी ताकदीचे साधे इंजिन लोकांनी मागून घेतले. त्यात आवाजाची आणि सवयीची ओढ होती, तशीच साध्या यंत्रावरच्या विश्वासाचीही.

तो विश्वास डोळे झाकून ठेवण्यासारखा आहे का? मे २०२४ मध्ये टोयोटाने यंत्रकामातील कचरा इंजिनात राहिल्याच्या शक्यतेमुळे टर्बो व्ही-६ च्या सुमारे एक लाख गाड्या परत बोलावल्या. साध्या इंजिनाच्या बाजूने बोलणाऱ्यांना पुरावा मिळाला. पण एप्रिल २०२५ मध्ये जनरल मोटर्सने ६.२ लिटरच्या व्ही-८ च्या अमेरिकेतील सुमारे सहा लाख पिकअप आणि एसयूव्ही परत बोलावल्या. कारण होते क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडमधील दोष. या व्ही-८ ला टर्बो नव्हता. दोन्ही घटनांत गडबड कारखान्यातल्या कामाची होती. टर्बो असला म्हणजे इंजिन नाजूक आणि नसला म्हणजे दणकट, हे समीकरण दोन्हीकडून मोडते.

मग घ्यायचे काय?

माल नियमितपणे टनाच्या वर, रस्त्यात घाट किंवा लांबचा महामार्ग आणि महिन्याचे किलोमीटर भरपूर असतील, तर टर्बो डिझेल घ्यावे आणि न घाबरता घ्यावे. त्यातही जो टॉर्क कमी आरपीएमपासून सुरू होतो त्याला पसंती द्यावी. दोन गाड्यांचा टॉर्क सारखा असेल आणि रोज घाट उतरायचा असेल, तर मोठ्या सीसीच्या इंजिनाला एक गुण जास्त द्यावा. चाचणी रिकाम्या गाडीत घेऊ नये. हौद्यात पोती भरून, जवळच्या चढावर, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी कशी निघते ते पाहावे.

माल टनाच्या आत, फेऱ्या शहरात आणि रस्ता सपाट असेल, तर साधे पेट्रोल किंवा सीएनजी इंजिन पुरेसे आहे. तिथे टर्बोसाठी जास्त पैसे मोजणे म्हणजे न लागणाऱ्या ओढीचा हप्ता भरणे.

जुनी टर्बो गाडी घेणाऱ्याने इंजिन थंड असताना हवेचा पाइप उघडून आत ऑइल साचले आहे का ते पाहावे आणि ऑइल बदलल्याच्या नोंदी मागाव्यात. नोंदी नसतील तर टर्बोचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत.

कंपन्यांकडून काय हवे?

सगळा भार ग्राहकावर टाकून चालणार नाही. कंपन्या जाहिरातीत टॉर्कचा सर्वांत मोठा आकडा छापतात, पण १,००० आणि १,२०० आरपीएमला किती ओढ मिळते हे सांगत नाहीत. घाट चढणाऱ्याला नेमके तेच हवे असते. टॉर्कचा आलेख प्रत्येक ब्रोशरमध्ये असायला हवा. टर्बोवर वॉरंटी किती आणि ती कोणत्या कारणाने नाकारली जाऊ शकते, हे एका पानात आणि मराठीत लिहून द्यायला हवे. गाडी ताब्यात देताना नारळ फोडून फोटो काढण्याइतकाच वेळ चालकाला दोन गोष्टी शिकवायला द्यावा. घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नये आणि उतारावर न्यूट्रल करू नये. एवढ्याने अनेक टर्बो वाचतील, काही जीवही वाचतील.

हप्ता भरणाऱ्या माणसाला तंत्रज्ञानाची भीती घालणे सोपे आहे आणि त्याच्या नावावर गाडी खपवणेही सोपे आहे. त्याला गरज आहे ती आपला माल किती किलो, चढ किती आणि जवळचा मिस्त्री किती दूर, या तीन प्रश्नांची उत्तरे घेऊन शोरूममध्ये जाण्याची. ती हाताशी असली, की टर्बो घ्यायचा की नाही हे विक्रेत्याच्या आधी त्यालाच कळलेले असेल.